चाक वाजवणाऱ्याचा कान

३ मार्च, मंगळवार

उजवा कान बसला. बसला म्हणजे पार बंद नाही — पाण्यात बुडी मारल्यावर काठावरची माणसं बोलतात, तसं ऐकू येतंय. आणि त्यावर एक शिट्टी. सकाळी जाग आली तेव्हा वाटलं बाहेर कुठेतरी यंत्र चालू आहे. उठून खिडकी लावली. शिट्टी आतच राहिली.

कामावर कुणाला बोललो नाही. बोलून काय! तीन चाकं वाजवली, सगळी डाव्या कानाने. स्टोअरचं दार मी नेहमीच लावून घेतो, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नाही. धार लावायचं चाक यंत्रावर चढण्याआधी माझ्याकडे येतं. लहान असलं तर बोटात अडकवायचं, मोठं असलं तर जमिनीवर उभं करायचं, आणि पेचकसाच्या लाकडी मुठीने चार ठिकाणी टिचकी द्यायची. खणखणीत वाजलं तर चाक चांगलं. बद्द वाजलं तर आत तडा — डोळ्याला दिसो न दिसो. तडा गेलेलं चाक फिरता फिरता फुटतं, आणि समोर माणूस उभा असतो.

हे मला कुणी शिकवलं नाही. सातवीत शाळा सुटली. यंत्रासोबत आलेलं पुस्तक लोकांनी चहाचे ग्लास ठेवायला घेतलं होतं. ते मी घरी नेलं आणि शब्दकोश मांडीवर घेऊन दोन वर्षं वाचलं. आज सगळा कारखाना मला कानमास्तर म्हणतो. प्रत्येक चाकावर माझी खडूची खूण, वहीत प्रत्येक चाकापुढे तेच तीन शब्द — ‘स्वतः खात्री केली’ — आणि सही. एकोणीस वर्षांत एक चाक फुटलेलं नाही.

दोन-चार दिवसांत उतरेल. सर्दीच असणार.

५ मार्च, गुरुवार

सर्दी नाही. नाक कोरडं ठाक आहे. शिट्टी चालू.

७ मार्च, शनिवार

जिन्यात घेरी आली. कठडा धरला म्हणून वाचलो. खालून मुलगी येत होती. “बाबा, काय झालं?” म्हटलं, चपलेचा अंगठा निघाला. तिने चपलेकडे पाहिलं. अंगठा शाबूत. अकरा वर्षांची आहे पण नजर माझी आहे तिला, चूक सुटत नाही.

जेवताना मुलगी पुन्हा. “टीव्ही किती मोठा केलाय! शेजारचे मोफत बघतायत.” बायकोने आवाज कमी केला. माझ्याकडे मात्र बघत राहिली. ती हल्ली तशीच बघते. हल्ली म्हणजे पुष्कळ वर्षं. तिच्या कमरेच्या दुखण्यामुळे ती दुसऱ्या खोलीत मुलीजवळ झोपते, तेव्हापासून घरात बोलणं कामापुरतंच. मी तक्रार करत नाही. कमरेचं दुखणं वाईट असतं.

९ मार्च, सोमवार

हा दिवस लिहून ठेवायलाच हवा.

दुपारी ठिणगी आला. मोठ्या ग्राइंडरवरचा माणूस — भुवया कायम अर्ध्या जळलेल्या, म्हणून सगळे ठिणगी म्हणतात. काखेत चौदा इंची चाक.

“मास्तर, हे परत वाजवा.”

“वाजवलंय. खूण बघ.”

“खूण बघितली. म्हणूनच आलो.”

मला राग आला. मी चाक उभं केलं, मूठ घेतली, चार टिचक्या दिल्या. चांगलं वाजलं. म्हणजे — मला वाटलं चांगलं वाजलं. खरं सांगायचं तर काहीतरी वाजलं आणि उरलेलं मी मनाने भरून घेतलं. एकोणीस वर्षं ऐकलेला आवाज आहे तो, डोक्यात तयारच असतो.

“ठीक आहे,” मी म्हटलं.

ठिणगीच्या कपाळावर घाम. “मास्तर, हे मातीच्या फुटक्या घागरीसारखं वाजतंय. मला कळतंय. आणि तुमच्या तोंडावर काहीच नाही.”

त्याने फडक्याने तेल लावलं, पुसलं, वर खडूची पूड चोळली. केसासारखी रेघ उमटली. भोकापासून निघून काठापर्यंत. माझ्या खुणेच्या बरोबर खालून गेलेली.

मी खाली बसलो. स्टुलावर नाही, जमिनीवरच.

तो शेजारी उकिडवा बसला. माझ्या उजव्या बाजूला बसून काहीतरी बोलला, मग त्याच्या लक्षात आलं, उठून डावीकडे आला. “कधीपासून?”

“मंगळवारपासून. खरं तर आधीपासून असेल. महिनाभर.”

“किती चाकं गेली?”

“एकसष्ट.” हे मला वही न बघता माहीत होतं.

“शुक्रवारपर्यंत तुम्ही फोरमनला सांगा. नाहीतर मी सांगतो. मग माझ्यापासून तोंड चुकवायचं नाही.”

जाताना म्हणाला, “आणि डॉक्टरला दाखवा. सगळी विद्या पुस्तकातून येत नाही.” मला! तो!

१० मार्च, मंगळवार

कानाच्या डॉक्टरणीकडे. आधी कागद भरायला दिले, पाच पानं. ते निम्मं भरूनच देतात, आणि चुकीचं भरतात. वय ४७ लिहिलं होतं. ४६. लाल पेनाने दुरुस्त केलं, बाजूला आद्याक्षरं घातली. काउंटरवरची बाई म्हणाली, “काका, कोण बघतंय एवढं!” म्हटलं, मी बघतो. दवाखान्यांची ही जुनी खोड आहे. मुलीच्या वेळी प्रसूतिगृहाने असेच ढीगभर कागद घरी पाठवले होते. एकेक वाचून, चुका काढून परत केले होते मी.

मग काचेच्या पेटीत बसवलं. कानांवर ते जाड डबे. आवाज आला की बटण दाबा. मी दाबत राहिलो. चांगलं जमतंय असं वाटलं. तेवढ्यात तपासणी करणारी पोरगी दार उघडून म्हणाली, “काका, मी अजून सुरूच केलं नाहीये.”

स्वतःच्याच शिट्टीवर बटण दाबत होतो.

डॉक्टरीण वयाने लहान आहे पण घाई करत नाही. आलेख दाखवला. उजवा निम्म्याहून जास्त गेलेला. डावाही उतरतोय. म्हणाली, दोन्ही कान, असे वर-खाली होणारे, सोबत घेरी — रक्त तपासू. बऱ्याच गोष्टींसाठी. कसल्या गोष्टी ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर दोनदा सांगायला लावावं लागलं असतं.

१२ मार्च, गुरुवार

फोरमनला सांगितलं. शुक्रवारची वाट बघितली नाही, तेवढीच अब्रू.

तो हसलाच आधी. “कान? मास्तर, तुमचं बाकी काहीही जाऊ दे, पण कान?” मग माझं तोंड बघून थांबला. एकसष्ट चाकं उतरवायला सांगितली. तीन यंत्रं बंद. सगळे बघत होते. कुणी काही बोललं नाही — किंवा बोलले असतील.

सोमवारपासून आजपर्यंत तीन दिवस ती चाकं फिरत होती. समोर माणसं उभी होती. ठिणगीने स्वतःच्या यंत्रावरची वाजवून घेतली होती, पण बाकीच्यांचं काय? मी तीन दिवस दाराच्या फटीतून बघत होतो. का? एका नावासाठी. कानमास्तर! एका शब्दासाठी चार माणसं टांगणीला ठेवली.

थकलो आहे. लिहायचंही जिवावर येतंय.

१३ मार्च, शुक्रवार

डॉक्टरणीने दार लावलं. मी मान डोलावतो पण ऐकत नाही, हे तिच्या लक्षात आलं असावं. तिने बोलण्याऐवजी कागदावर लिहायला सुरुवात केली. अक्षर सुवाच्य. डॉक्टर असून!

पहिली ओळ: सिफिलिस आहे. जुना. कानाच्या नसेपर्यंत पोचला आहे.

दुसरी: बरा होतो. कान किती परत येईल ते आज सांगता येत नाही. चौदा दिवस दवाखान्यात राहावं लागेल, शिरेतून पेनिसिलिन.

तिसरी: पत्नीची तपासणी झालीच पाहिजे. मुलीचीही.

तिसऱ्या ओळीखाली तिने दोन रेघा मारल्या.

मी म्हटलं, “माझ्या बाबतीत काहीतरी चूक आहे. परत तपासा.”

तिने दुसरा कागद पुढे केला. परत तपासलेलंच होतं.

घरी येऊन कोश काढला. उपदंश. आमच्या लहानपणी म्हातारे त्याला गरमी म्हणायचे आणि म्हणून झाल्यावर थुंकायचे.

१४ मार्च, शनिवार

इथे खोटं लिहायचं नाही. मग वही कशाला?

तेरा वर्षं झाली. परगावी नवीन कारखाना उभा राहत होता, यंत्रं बसवायला मला चार महिने पाठवलं होतं. खानावळीच्या वर खोली. शेजारच्या खोलीत ती राहायची. दोनदा गेलो तिच्याकडे. नाही — तीनदा. तिसऱ्यांदा ती स्वतः म्हणाली होती, “तुम्ही घरी जा आता, तुम्ही असल्या माणसांतले नाही.” मला तेव्हा ते कौतुक वाटलं होतं.

नंतर एक फोड आला. दुखत नव्हता. मी त्यावर मलम लावलं, पुस्तक बघून, आणि तीन आठवड्यांत गेला. मीच बरा केला असं धरून चाललो. कुणाला सांगायची गरजच नव्हती. न दुखणाऱ्या गोष्टीचं माणूस काय करणार! पण आता वाटतं, चाकाचा तडा तरी कुठे दुखतो?

घरी आलो. पुढच्याच वर्षी मुलगी पोटात होती.

म्हणजे बायकोच्या रक्तात हे तेरा वर्षं बसलं असणार. तिच्या कानात, डोळ्यांत, कुठेही. आणि पोरीच्या? डॉक्टरणीला विचारलं तेव्हा तिने लिहिलं होतं: आईकडून बाळाला जाऊ शकतं. मुलांचे कान दहा-बारा वर्षांनीही जातात.

मुलगी परवा माझी हाक ऐकून आली नाही. अभ्यास करत होती म्हणे.

१५ मार्च, रविवार

सांगितलं नाही.

१६ मार्च, सोमवार

दवाखान्यात भरती व्हायचंय म्हणून सांगितलं. “कानाचं आहे,” म्हटलं. बायकोने पिशवी भरली. टॉवेल, चष्मा, ही वही, लाल पेन. लाल पेन मी मागितलं नव्हतं. “लागेल तुम्हाला, चुका काढायला,” म्हणाली.

१८ मार्च, बुधवार

काल पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, पाठ ताणलेली. सुई जाताना आवाज येत असेल असं उगाच वाटलं. मग औषध सुरू. संध्याकाळी हुडहुडी भरली, अंग भट्टीसारखं. घाबरलो. नर्सबाई मात्र खूश! “चांगलं लक्षण आहे, काका. जंतू मरतायत, म्हणून ताप येतो.” म्हटलं, किती मेले? म्हणाली, “मोजून सांगू का?”

दर चार तासांनी एक डोस. हाताची शीर दोरीसारखी कडक झालीय. शिवाय सूज उतरवायच्या गोळ्या, त्यांनी तोंड कडू.

बायको डबा घेऊन येते, समोर बसते, मी जेवतो, डबा घेऊन जाते. आज सांगायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं. म्हटलं, “मीठ कमी आहे.”

२१ मार्च, शनिवार

एक प्रयोग केला. बायको खिडकीकडे तोंड करून उभी होती. मी तिच्या पाठीमागे चमचा खाली टाकला.

“चमचा पडला,” ती न वळता म्हणाली.

“हो का? मला नाही ऐकू आलं.”

“मला आलं ना. उचला.”

मग मुलीवर. ती दाराशी गोष्टीचं पुस्तक वाचत होती. मी अगदी हळू म्हटलं — हळूच असावं — “चॉकलेट.” पुस्तकातून मान वर! “कुठंय?”

दोघींचे कान शाबूत. आज पहिल्यांदा पोटभर जेवलो. पण चाकाचं मी जाणतो. आज खणखणीत वाजलं म्हणजे उद्याही वाजेल असं नाही. आणि नुसत्या टिचकीवर भरवसा ठेवून काय होतं ते आता मला कुणी शिकवायला नको.

२४ मार्च, मंगळवार

पुन्हा काचेची पेटी. डावा बराच वर आलाय. उजवा किंचित. शिट्टी आहे तशीच. डॉक्टरीण म्हणाली, इतपत आलं हे चांगलं, महिनाभर उशीर केला असता तर हेही नसतं. उजवा बहुधा यायचा नाही.

म्हणजे चाक वाजवणं संपलं. तिने तसं म्हटलं नाही. मला कळतं.

मग विचारलं, “पत्नीला सांगितलंत?”

“सांगतो.”

“अकरा दिवस झाले, काका. त्यांच्या तपासणीला उशीर करायचा हक्क तुम्हाला नाही.” मग कागदावर लिहून दाखवलं: शनिवारी मी स्वतः बोलेन.

सगळेच मला वार ठरवून देतात! आधी ठिणगी, आता ही. आणि दोघांचंही बरोबर.

२५ मार्च, बुधवार

नाही.

२७ मार्च, शुक्रवार

सांगितलं.

तीन मसुदे केले होते. पहिला फार लांब, दुसऱ्यात मीच कसा फसलो ते जास्त, तिसरा बरा. पण ती समोर बसली आणि कागद खिशातच राहिला. सरळ सांगितलं. परगाव, खानावळ, तीनदा, फोड, मलम. रोगाचं नाव. म्हटलं, माझ्यामुळे तुझ्या रक्तात गेलं असणार, पोरीच्याही. तपासून घ्या. मला शिव्या दे, पण तपासून घ्या.

किती मोठ्याने बोललो कोण जाणे. आता माझा आवाज मलाच कळत नाही. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा अर्ध्यावर उठून काठी टेकत बाहेर गेला, आणि नर्सबाईने आमच्या खाटेभोवती पडदा ओढला.

ती रडली नाही. ओरडली नाही. माझा टॉवेल घेतला, चौपदरी घडी केली, उलगडली, परत केली. मी वाट बघितली. एवढी वाट मी कधी बघितलेली नाही.

मग उठली. माझ्या डाव्या बाजूला आली — डाव्या, न विसरता — आणि कानाशी वाकून स्पष्ट म्हणाली, “माझं रक्त तपासायला नको.”

“का नको? डॉक्टरांनी लेखी दिलंय. लाजायचं काय त्यात? लाज मला वाटायला हवी—”

“डबा गार होतोय,” म्हणाली आणि गेली.

अडाणीपणा! जिवावर बेतलंय आणि हट्ट धरून बसलीय. उद्या डॉक्टरणीलाच सांगायला लावतो.

२८ मार्च, शनिवार

ती आलीच नाही. डबा शेजारणीबरोबर पाठवला. डॉक्टरीण दोनदा डोकावून गेली. रिकामी खुर्ची बघून काही लिहिलं नाही.

दुपारी ठिणगी आला. केळी घेऊन. डावीकडे स्टूल ओढलं. एकसष्टच्या एकसष्ट चाकं त्याने वाजवली. त्याला आधी सापडलेल्या त्या एकाशिवाय आणखी एक तडकलेलं निघालं. बाकी ठीक.

“दोन,” मी म्हटलं. “एकसष्टात दोन.”

“फुटलं एकही नाही ना? मग झालं.” मग जळक्या भुवया चोळत म्हणाला, “खरं सांगू? आम्ही पण आधी वाजवायचो. तुमची खूण दिसायला लागली आणि सोडून दिलं. मास्तरांनी म्हटलं म्हणजे संपलं! आता फोरमनने ठरवलंय, प्रत्येक चाक दोघांनी वाजवायचं. पहिला मी. तुम्ही आल्यावर मला शिव्या द्यायला बसा.”

तो गेल्यावर बराच वेळ खुर्चीकडे बघत बसलो. एवढी वर्षं मी सही केली की पुढे कुणी विचारायचं नाही. कामावरही, घरातही. मला ते मानाचं वाटायचं.

उद्या ती आली तर पाया पडेन. पण तपासून घ्यायलाच हवं.

२९ मार्च, रविवार

मुलगी एकटी आली. डबा आणि एक पिवळं पाकीट. “आई म्हणाली, चष्मा लावून वाचा.”

आत प्रसूतिगृहाचं कार्ड. बारा वर्षांपूर्वीचं, बायकोच्या नावाचं. रक्तात दोष — हाच. इंजेक्शनं तीन, लागोपाठच्या तीन सोमवारी. तिन्हींपुढे तिची सही. ‘सोबत कोण’ या रकान्यात तिन्ही वेळा आडवी रेघ. शेवटी, जन्मानंतर: बाळाचं रक्त निर्दोष.

मागे एक कागद टाचलेला. पतीनेही ताबडतोब तपासणी व उपचार करून घ्यावेत, असं छापलेलं. खाली दोन चौकोन. ‘नकार’च्या चौकोनात बरोबरची खूण. त्याखाली अक्षर माझं: मला काही झालेलं नाही. स्वतः खात्री केली. सही.

वरती माझं वय ३५ लिहिलं होतं. ते लाल शाईने खोडून ३४ केलंय. बाजूला आद्याक्षरं.

म्हणजे मी वाचलं होतं.